कॅनडातील फ्रेंच विषयवाहिन्यांचे परवाने: आयोग नेमके काय देतो आणि त्या बदल्यात काय मागतो?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार.

मी सांगलीत विधी शाखेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रसारणाचा परवाना आणि भाषा यांचा संबंध हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. तुलनेसाठी मी कॅनडा निवडला, कारण तेथील १९९१ च्या प्रसारण कायद्याच्या तिसऱ्या कलमातच असे म्हटले आहे की इंग्रजी आणि फ्रेंच प्रसारण वेगवेगळ्या परिस्थितीत चालते आणि त्यांच्या गरजाही वेगळ्या असू शकतात. आपल्या केबल कायद्याच्या आठव्या कलमात एके काळी दूरदर्शनची प्रादेशिक भाषेतील एक वाहिनी दाखवण्याची सक्ती होती. पण ती सक्ती केबलचालकावर होती, वाहिनीच्या परवान्याशी तिचा काही संबंध नव्हता.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२२ च्या अपलिंकिंग-डाउनलिंकिंग मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाहिनीला दहा वर्षांची परवानगी मिळते. अर्ज पाहताना वाहिनी बातम्यांची आहे की बिगर-बातम्यांची आणि कंपनीची मालमत्ता पुरेशी आहे का, हे मुख्यतः तपासले जाते. बिगर-बातम्यांच्या पहिल्या वाहिनीसाठी ही किमान मर्यादा ५ कोटी, तर बातम्यांच्या पहिल्या वाहिनीसाठी २० कोटी रुपये आहे. वाहिनीची भाषा बदलायची झाल्यास पूर्वपरवानगीची अटही याच तत्त्वांनी काढून टाकली असून आता केवळ कळवणे पुरते.

कॅनडात मात्र सीआरटीसी, म्हणजे तेथील रेडिओ-टेलिव्हिजन व दूरसंचार आयोग, फ्रेंच विषयवाहिन्यांसाठी (आपण ज्यांना स्पेशालिटी चॅनेल म्हणतो त्यांच्यासाठी) स्वतंत्रपणे अर्ज मागवत असे, त्यांवर सुनावणी घेत असे आणि आलेल्या अर्जांपैकी मोजकेच मंजूर करत असे. मे १९९९ मध्ये त्याने अशा चार वाहिन्यांना मंजुरी दिली आणि बाकीच्या अर्जदारांना परत पाठवले. ज्यांच्याकडे पैसा आहे, कार्यक्रम आहेत आणि प्रेक्षकही मिळण्याची शक्यता आहे, त्यांना नाही म्हणण्यामागचा तर्क मला समजून घ्यायचा आहे. माझे मार्गदर्शक याला भाषेचे संरक्षण म्हणतात. मला ते प्रथमदर्शनी आपल्या जुन्या परवानाराजासारखे दिसते.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझे आजोळ जत तालुक्यात असून घरात कन्नड बोलली जाते. आजीच्या टीव्हीवर कोणत्या वाहिन्या दिसाव्यात हे नेमके कोण ठरवते, या तिच्याच चौकशीतून हा विषय निघाला. जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

मूळगाव कऱ्हाड

कृष्णाकाठ, आपला प्रश्न चांगला आहे. मी मॉन्ट्रियलमध्ये एका निर्मितीसंस्थेच्या हिशेब विभागात काम करतो. त्यामुळे परवान्याची भाषा माझ्याकडे कायद्याच्या पुस्तकातून येत नाही, खर्चाच्या रकान्यांतून येते. त्या बाजूने सांगतो.

आधी बाजाराचा आकार लक्षात घ्यावा. २०२१ च्या जनगणनेनुसार फ्रेंचबहुल क्युबेक प्रांताची लोकसंख्या सुमारे ८५ लाख होती. विषयवाहिनीचे उत्पन्न दोन वाटांनी येते: जाहिराती आणि प्रत्येक ग्राहकामागे केबल कंपनीकडून दरमहा मिळणारे काही सेंट. वाहिन्या वाढल्या म्हणून या ८५ लाखांतील घरे वाढत नाहीत. शिवाय इंग्रजी वाहिनीला अमेरिकेतून तयार कार्यक्रम थेट घेता येतात, फ्रेंच वाहिनीला ते भाषांतरित करून घ्यावे लागतात किंवा स्वतः तयार करावे लागतात. एवढ्या पाण्यात किती विहिरी खणायच्या, हा आयोगापुढचा खरा प्रश्न होता.

म्हणून परवाना हा सौदा होता, आणि तो दोन्ही बाजूंनी पुरता लिहून घेतलेला असे. आयोग वाहिनीला तिच्या विषयाची चौकट लिहून देई. तिला 'सेवेचे स्वरूप' म्हणत, आणि त्या चौकटीत दुसऱ्या स्पर्धक वाहिनीला परवाना मिळत नसे. एकाधिकाराच्या बदल्यात वाहिनी काय देई, तर एकूण प्रसारणापैकी ठरलेला हिस्सा कॅनडात तयार झालेल्या कार्यक्रमांना, आणि आदल्या वर्षीच्या उत्पन्नातील ठरलेला टक्का अशा कार्यक्रमांच्या निर्मितीवर. हा दुसरा आकडा आमच्या विभागात दर तिमाहीला पाहिला जातो, कारण आमच्यासारख्या संस्थांची पोटे त्यावरच भरतात. मतदानाचा हक्क असलेल्या भागभांडवलापैकी किमान ८० टक्के कॅनडाच्या नागरिकांकडे किंवा संस्थांकडे असावे, ही अट वेगळी. १९९१ च्या कायद्यानुसार परवान्याची मुदत जास्तीत जास्त सात वर्षांची होती. नूतनीकरणाच्या वेळी जुनी वचने समोर ठेवून पुन्हा सुनावणी होई आणि तिथे कोणीही नागरिक लेखी म्हणणे मांडू शके.

आपण उल्लेखलेल्या चार वाहिन्या म्हणजे इतिहासाची इस्तोरिया, कथामालिकांची सेरी प्लस (अर्जात तिचे नाव कॅनाल फिक्सिऑं असे होते), प्रवास-पर्यटनाची एव्हाजिऑं आणि विज्ञान-तंत्रज्ञानाकडे झुकलेली कॅनाल झेड. चारही वाहिन्या ३१ जानेवारी २००० रोजी सुरू झाल्या. विषय एकमेकांत मिसळणार नाहीत याची घेतलेली काळजी नावांवरूनच कळते. त्याच फेरीत सार्वजनिक प्रसारक रेडिओ-कॅनडाचा, कलांना वाहिलेल्या वाहिनीसाठीचा अर्ज मात्र नाकारला गेला. त्यावर इतकी ओरड झाली की मंत्रिमंडळाने आयोगाकडे, राष्ट्रीय पातळीवरील फ्रेंच कलावाहिनी लवकरात लवकर कशी उभी राहील, याचा अहवाल मागितला. मग नव्याने अर्ज मागवले गेले आणि रेडिओ-कॅनडा, तेले-क्युबेक व फ्रान्सची आर्ते यांचा सहभाग असलेली आर-टीव्ही सप्टेंबर २००१ मध्ये सुरू झाली. नाकारलेला विषय दोन वर्षांत परत आला तो या मार्गाने.

आपल्या 'चारच का' या प्रश्नाला एक पुरवणी जोडतो. नोव्हेंबर २००० मध्ये डिजिटल वाहिन्यांसाठी आयोगाने दोन वर्ग केले. पहिल्या वर्गात मोजक्या वाहिन्या होत्या. त्यांना विषयाचे संरक्षण आणि केबलवर जागेची हमी मिळाली. दुसऱ्या वर्गात, किमान अटी पूर्ण करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला परवाना मिळाला, पण हमी कसलीच नाही. दोन्ही वर्ग मिळून एका झटक्यात २८३ परवाने दिले गेले. दुसऱ्या वर्गातील बहुतांश परवाने कागदावरच राहिले, त्यांची वाहिनी कधी दिसलीच नाही. परवाना स्वस्त झाला की त्याला किंमतही उरत नाही, हे आमच्याकडे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिले.

मिरजेचा केबलवाला

ताई, मी कायद्याचा माणूस नाही. गेली पंचवीस वर्षे मिरजेत केबलचा व्यवसाय करतो, आणि कऱ्हाडकरांच्या शेवटच्या परिच्छेदावर माझे बोट थांबले, म्हणून लिहितो.

वाहिनीला दिल्लीहून परवानगी मिळते तेव्हा तिचे काम सुरूही झालेले नसते. काम सुरू होते ते ती ग्राहकाच्या सेट टॉप बॉक्सवर दिसू लागते तेव्हा. ॲनालॉगच्या काळात जुन्या संचांवर मोजक्याच वाहिन्या स्वच्छ दिसत, वरच्या बँडवर टाकलेल्या वाहिनीला मुंग्या येत आणि ग्राहक पुढे जाई. खालच्या बँडमधील जागेसाठी वाहिन्या पैसे मोजत, आणि ज्यांच्याकडे ते नसत त्यांच्या परवान्याचा कागद कितीही पक्का असला तरी प्रेक्षकांच्या दृष्टीने ती वाहिनी नव्हतीच. डिजिटल झाल्यावर मुंग्या गेल्या, पण जागेचा बाजार राहिला. ट्राय, म्हणजे आपल्याकडील दूरसंचार नियामक, याच्या २०१७ च्या नियमांनी त्याला वेसण घातली: साध्या वाहिनीसाठी दरमहा प्रतिग्राहक कमाल २० पैसे कॅरेज फी (वाहिनीने दाखवणाऱ्याला द्यायचे पैसे), आणि त्या वाहिनीचे ग्राहक २० टक्क्यांवर गेले की फी शून्य. नियम चांगला आहे. मात्र वीस टक्क्यांपर्यंत पोहोचण्याआधीच दमछाक होते ती नेमकी लहान भाषेच्या किंवा लहान विषयाच्या वाहिनीची.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. जतच्या पूर्व भागातील घरे मराठी मालिकाही पाहतात आणि कन्नडही, पण वरून येणारे पॅक राज्याच्या हिशेबाने बांधलेले असतात. महाराष्ट्राच्या पॅकमध्ये कन्नड वाहिन्या नसतात, त्या सुट्या घ्याव्या लागतात, आणि सुट्या वाहिन्यांची बेरीज पॅकपेक्षा महाग पडते. मागे एका मोठ्या वाहिनीसमूहाच्या प्रतिनिधीला मी सीमेवरच्या गावांसाठी मिश्र पॅक मागितले होते. एवढ्या थोड्या ग्राहकांसाठी दरपत्रक बदलत नाहीत, असे उत्तर मिळाले. त्यांचे व्यापाराच्या दृष्टीने चुकले असे मी म्हणणार नाही. पण तिथे कोणत्याही परवान्याची कोणतीही अट आजींच्या मदतीला आली नाही, हे आपण प्रबंधात जरूर लिहावे.

माझा उलट प्रश्न कऱ्हाडकरांना आहे. क्युबेकबाहेर राहणाऱ्या फ्रेंच भाषकाची अवस्था आमच्या जतकरासारखी असते की त्याच्यासाठी काही सोय आहे? आणि वाहिनीने मध्येच सिग्नल बंद केला, तर परवाना देणारा आयोग काही करू शकतो का? आमच्याकडे दराच्या वादात सिग्नल गेला की शिव्या खायला आम्हीच पुढे असतो.

अजिंक्यतारा (सातारा)

केबलवाल्यांनी मुद्दा योग्य ठिकाणी आणला आहे, तरी मूळ चित्र काहीसे सोज्वळ रंगवले गेले आहे असे मला वाटते.

विषयाचा एकाधिकार देऊन आयोगाने फ्रेंच निर्मिती वाढवली हे खरे आहे. त्याच धोरणामुळे हे संरक्षित परवाने हळूहळू मोजक्या समूहांच्या हाती गोळा झाले, कारण दुसऱ्याला मिळू न शकणारा परवाना विकत घेणे हा बाजारात शिरण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग होता. ॲस्ट्राल या फ्रेंच वाहिन्यांच्या मोठ्या समूहाला बेल या बड्या दूरसंचार कंपनीने विकत घेण्याचा प्रस्ताव आयोगाने ऑक्टोबर २०१२ मध्ये फेटाळला. जून २०१३ मध्ये सुधारित प्रस्ताव मंजूर झाला, पण काही वाहिन्या विकण्याच्या अटीवर. त्यांतील इस्तोरिया आणि सेरी प्लस कोरस या दुसऱ्या माध्यमसमूहाकडे गेल्या. पुढे याच दोन वाहिन्या बेल परत घेऊ पाहत होती, तेव्हा २०१८ मध्ये तेथील स्पर्धा विभागाने तो व्यवहार अडवला. म्हणजे १९९९ साली ज्या दोन वाहिन्यांना निवडून परवाना दिला गेला, त्या पुढची दोन दशके एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिल्या, आणि भाषेचे संरक्षण या मुद्द्यापेक्षा मालकीचे केंद्रीकरण हा मुद्दा मोठा झाला.

'परवानाराज' हा शब्द मात्र, कृष्णाकाठ, आपण जपून वापरावा. आपल्या परवानाराजात नकाराची कारणे अर्जदाराला क्वचितच कळत. कॅनडाचा आयोग मंजुरीची आणि नकाराचीही कारणे छापून प्रसिद्ध करतो, विरोधकांचे म्हणणे निर्णयात नोंदवतो आणि मगच मत देतो. आपल्याकडे आजही वाहिनीची परवानगी मंत्रालय देते, ट्रायचे काम या बाबतीत शिफारशी करण्याचे आहे. तिकडे मंत्रिमंडळ आयोगाचा परवानाविषयक निर्णय पुनर्विचारासाठी परत पाठवू शकते, पण ते सर्वांच्या डोळ्यांदेखत. मे २०१७ मध्ये आयोगाने मोठ्या समूहांचे परवाने नव्याने दिले, तेव्हा मूळ फ्रेंच निर्मितीची वचने सैल झाली. सेरी प्लसने तयार होऊ घातलेल्या मालिका रद्द केल्या, कलावंत आणि निर्माते उभे ठाकले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने तो निर्णय परत पाठवला. परवान्यातील एका ओळीसाठी मालिकालेखक रस्त्यावर येतात ही गोष्ट मला आपल्या तुलनेत सर्वांत बोलकी वाटते. आपल्याकडे परवानगीच्या अटींत राष्ट्रीय महत्त्वाच्या विषयांवर रोज ३० मिनिटांचे कार्यक्रम दाखवणे आहे. ते किती घरांत ठाऊक आहे हे आपणच आपल्या आजूबाजूला विचारून पाहावे.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. अजिंक्यतारा सर, शब्दाबद्दलची सूचना मान्य आहे.

एक गोष्ट मात्र अजून जुळत नाही. मी वाचले त्याप्रमाणे मार्च २०१५ मध्ये आयोगाने विषयाचा एकाधिकारच रद्द केला. मग कऱ्हाडकरांनी सांगितलेल्या सौद्यातील वाहिनीला मिळणारी बाजू नाहीशी झाली. तरीही परवाना आणि त्याच्या अटी राहिल्या, त्या कशाच्या बळावर? केबलवाले दादांच्या दोन प्रश्नांची उत्तरे मलाही हवी आहेत.

मूळगाव कऱ्हाड

अजिंक्यतारा यांची दुरुस्ती मला मान्य आहे. आमच्या विभागात तीन मालकांची नावे बदललेल्या एकाच वाहिनीची बिले एका फाइलमध्ये लावलेली आहेत.

एकाधिकार एकदम गेला नाही. २००८ च्या धोरणाने आधी खेळ आणि बातम्या यांतील संरक्षण काढण्याचे ठरवले. त्याचे फळ म्हणजे १९८९ पासून फ्रेंच क्रीडावाहिन्यांत एकटी असलेल्या आरडीएससमोर सप्टेंबर २०११ मध्ये टीव्हीए स्पोर्ट्स उभी राहिली. २०१५ नंतर बाकीच्या विषयांच्या चौकटीही गेल्या. परिणाम पाहायचा तर म्युझिकप्लस पाहावी. १९८६ पासून फ्रेंच भाषेतील संगीतवाहिनी म्हणून ओळखली जाणारी ही वाहिनी २०१९ मध्ये एल फिक्सिऑं या नावाने कथामालिका दाखवू लागली. जुन्या व्यवस्थेत हा बदल परवान्याचे उल्लंघन ठरला असता. शिवाय दोन लाखांपेक्षा कमी ग्राहक असलेल्या वाहिनीला त्यानंतर परवान्याचीच गरज राहिली नाही. ठरलेल्या अटी पाळून ती सूट घेऊन चालू शकते. कृष्णाकाठ, आपला प्रश्न म्हणूनच नेमका आहे: प्रवेशाचे दार म्हणून परवान्याचे महत्त्व बरेच घटले. जे बळ उरले ते केबलवाल्यांनी सांगितलेल्या जागेत, म्हणजे वितरणाच्या नियमांत.

मिरजकरांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. इंग्रजीबहुल भागातील केबल वितरकाला दर दहा इंग्रजी विषयवाहिन्यांमागे एक फ्रेंच वाहिनी द्यावी लागते, आणि फ्रेंचबहुल भागात हाच नियम उलट लागू होतो. याखेरीज प्रसारण कायद्यातील एका पोटकलमानुसार आयोग एखादी वाहिनी मूळ पॅकमध्ये सक्तीने ठेवण्याचा आदेश देऊ शकतो. रेडिओ-कॅनडाची वृत्तवाहिनी आरडीआय इंग्रजी भागांत अशाच आदेशाने पोहोचते. ऑगस्ट २०१३ मध्ये टीव्ही-फाइव्ह या फ्रेंच वाहिनीला हा आदेश मिळाला तो युनिस या नव्या वाहिनीसह, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या युनिसचे कामच क्युबेकबाहेरच्या फ्रेंच समाजाचे जीवन दाखवण्याचे आहे. मार्च २०१६ पासून मूळ पॅकची किंमत कमाल २५ डॉलर झाली, ग्राहक वाहिन्या सुट्या निवडू लागले, तसा त्या छोट्या पॅकमधील प्रत्येक खुर्चीचा भाव आणखी वाढला. इतरांनी तीच मागणी केली, त्यांतील बहुतेकांना नकार मिळाला. २०१३ मध्ये सन न्यूज या इंग्रजी वृत्तवाहिनीलाही तो मिळाला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ती बंद पडली.

सिग्नलचे म्हणाल तर घटना फार जुनी नाही. एप्रिल २०१९ मध्ये आइस हॉकीचे अंतिम फेऱ्यांचे सामने सुरू होत असतानाच टीव्हीए स्पोर्ट्सने दराच्या वादात बेलच्या ग्राहकांचा सिग्नल बंद केला. बेल ही स्पर्धक आरडीएसचीही मालक असल्याने आपल्याला मुद्दाम कमी दर मिळतो, अशी टीव्हीएच्या मालकांची तक्रार होती, आणि ती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. पण वाद मिटेपर्यंत सिग्नल चालू ठेवण्याचा नियम असल्याने बेल न्यायालयात गेली, आदेश मिळाला आणि सिग्नल परत आला. त्याच सुमारास आयोगाने वाहिनीला बोलावून स्पष्ट सांगितले की पुन्हा सिग्नल बंद केल्यास परवाना निलंबित होईल. मालकांची तक्रार वेगळी ऐकली जाईल, प्रेक्षकाला मध्ये धरता येणार नाही, असा त्याचा अर्थ. आमच्या कार्यालयात त्या दिवशी परवान्याच्या कागदाकडे प्रथमच सगळ्यांनी आदराने पाहिले.

मिरजेचा केबलवाला

दहाला एक हा नियम आमच्या जतला लागू झाला असता, तर पूर्व भागातील निम्म्या तक्रारी संपल्या असत्या. अर्थात तो वितरकावर येतो, म्हणजे त्याचा खर्चही आमच्याच डोक्यावर येतो, हे कऱ्हाडकरांनी विसरू नये.

ताई, सीमेवरच्या गावांत कोणत्या कन्नड वाहिन्या सुट्या घेतल्या जातात आणि किती घरे पैशांमुळे त्या मध्येच बंद करतात, याच्या गेल्या तीन वर्षांच्या नोंदी माझ्याकडे वहीत आहेत. ग्राहकांची नावे सोडून बाकी सर्व आपण उतरवून घेऊ शकता. रविवारी सकाळी दहानंतर मी हेडएंडवरच, म्हणजे आमच्या केबलच्या नियंत्रणकक्षातच असतो.

कृष्णाकाठ (सांगली)

दादा, या रविवारी येते. येताना आजीचे केबलचे बिलही आणते. त्यात दोन सुट्या वाहिन्यांचे पैसे लागले आहेत आणि दिसते एकच, असे तिचे म्हणणे आहे.